खिशातला घडीचा चाकू: निवड, निगा आणि रीत

आजोबांच्या पेटीत सापडलेला घडीचा चाकू उद्यापासून खिशात घालायचा असेल, तर आधी फूटपट्टी घेऊन त्याचं पातं मोजा. मुठीतून बाहेर येतं तिथपासून टोकापर्यंत लांबी, आणि सगळ्यांत रुंद जागी रुंदी. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या, किंबहुना लष्कर भागातल्या कुठल्याही गल्लीतल्या माणसाला हे काम टाळता येणार नाही. मध्य प्रदेश सरकारच्या नोव्हेंबर 1974 च्या अधिसूचनेनुसार सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगता येत नाही. खटका दाबला की कमानीच्या जोरावर आपोआप उघडणारा चाकू तर कितीही लहान असला तरी चालत नाही. या बाबतीत 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 25 लागू होतं, आणि ते प्रकरण दंड भरून सुटण्याइतकं हलकं नसतं.

केंद्राच्या शस्त्र नियमांत मर्यादा नऊ इंचांची आहे आणि घरकामासाठी, शेतीसाठी, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली साधनं त्यातून वगळली आहेत. या सवलतीच्या भरवशावर कोणी मोठं पातं घेऊन हिंडू नये. रस्त्यावर झडती घेणाऱ्या शिपायाला तुमचा हेतू दिसत नाही, पातं दिसतं. दिल्लीची मर्यादा आणखी कडक आहे. तिथल्या 1980 च्या अधिसूचनेत 7.62 सेंटिमीटर लांबी आणि 1.72 सेंटिमीटर रुंदी हे आकडे आहेत. आपली माणसं ग्वाल्हेरहून दिल्लीला सारखी जात-येत असतात, म्हणून माझा सल्ला एकच: सात सेंटिमीटरपर्यंतचं पातं घ्या. फळ चिरायला, सुतळी कापायला, पेन्सिल तासायला त्याहून मोठं पातं लागत नाही. निवडणुका, मिरवणुका, तणाव अशा काळात जिल्हाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली (म्हणजे पूर्वीच्या 144 खाली) आदेश काढतात, आणि महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली शस्त्रबंदी लागते. त्या दिवसांत चाकू घरीच ठेवावा.

एवढं सांगून झाल्यावर मोकळेपणाने म्हणतो, की खिशात छोटा चाकू ठेवण्याची सवय चांगली आहे आणि ती आपल्यात जुनी आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला कायमची बसली आणि तिचंच लष्कर हे शहर झालं. फौजेबरोबर दफ्तर आलं आणि दफ्तराबरोबर बोरू. चिटणीस की गोठ या मोहल्ल्याचं नाव अजून त्या लेखणीवाल्यांची आठवण ठेवून आहे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला चाकूशिवाय दिवस काढता येत नसे. बोरूचं टोक लिहिता लिहिता झिजतं, फाकतं, मग अक्षर जाड होतं, शाई पसरते, आणि पुन्हा टोक तासावं लागतं. आधी लांब तिरका छेद, मग दोन्ही बाजू निमुळत्या, मग मधोमध केसाएवढी चीर, आणि शेवटी कठीण फळीवर टोक टेकवून एका दाबात आडवा काप. हा शेवटचा काप खरा कसोटीचा. पातं बोथट असेल तर बोरू चिरडतो, कापला जात नाही. युरोपात पिसाच्या लेखण्यांसाठी नेमका असाच बारीक पात्याचा चाकू खिशात असे. पन्नासच्या दशकापर्यंत मोडी दफ्तरातून गेली, बोरू सुलेखन शिकणाऱ्यांपुरता उरला आणि चाकू पेट्यांत गेले.

म्हणून जुन्या मराठी घरात चाकू सापडला तर तो हत्यार म्हणून नव्हे, लेखनसाहित्य म्हणून पाहावा. त्याच पेटीत अडकित्ताही असेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते मांडून ठेवले आहेत, ते पाहिले की रोजच्या खिशातल्या, चंचीतल्या साधनावर आपले कारागीर किती जीव लावत ते कळतं. साध्या घडीच्या चाकूच्या वाट्याला ते कौतुक आलं नाही. ते आता त्याला वापरणाऱ्यांनीच द्यायचं आहे.

सापडलेल्या चाकूवर पात्याच्या मुळाशी ठसा असतो. तो भिंगाने वाचा. इंग्रज अमदानीत शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचे चाकू हिंदुस्थानात सगळीकडे विकले जात. तारा आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण. मुकुटाच्या दोन्ही बाजूंना व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं असतील तर चाकू साधारण 1901 च्या आधीचा धरावा. मूठ कशाची आहे तेही तपासा. शेफील्डच्या चाकूंवर सांबरशिंग फार दिसतं, आणि ते शिंग बहुतेक आपल्याच जंगलातून तिकडे जाऊन मूठ होऊन परत आलेलं असतं. मूठ शिंगाची किंवा हस्तिदंताची असेल तर असा चाकू विकण्याचा किंवा विकत घेण्याचा विचार करू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा तो विषय आहे, आणि छंदाच्या मैत्रीत कोणी असा सौदा सुचवला तर त्याला तिथेच थांबवा.

जुना चाकू साफ करताना हात आवरावा लागतो. बफिंगच्या चाकावर धरून चकचकीत केलेला शंभर वर्षांचा चाकू मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. ठसा पुसला गेलेला असतो, कडा गोल झालेल्या असतात, आणि जे गेलं ते परत येत नाही. तांबडा गंज तेवढा काढायचा. त्यावर तेल सोडून दोन दिवस ठेवा, मग तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि पात्याला ओरखडा येत नाही. खाली उरणारा काळा-करडा थर राहू द्या, तो पात्याला पुढच्या गंजापासून थोडं राखतो. बिजागरीत अडकलेली घाण दात कोरायच्या काडीने काढून तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, पातं हळूहळू उघडा-मिटा, काळं तेल पुसा, पुन्हा सोडा. पातं घट्ट बसलं असेल तर पक्कड लावू नका. नखाची खाच तुटते.

पेटीत काही नसेल आणि नवीन घ्यायचा असेल, तर पारंपरिक घडणीचे तीन प्रकार ओळखून ठेवावेत. पहिला साध्या पाठकमानीचा: मुठीच्या पाठीत पोलादी पट्टी असते, ती पात्याला उघड्या आणि मिटल्या दोन्ही जागी दाबून धरते. शेफील्डचा चाकू हाच, आणि स्विस चाकूही मुळात हाच. कार्ल एल्सेनरने 1884 मध्ये इबाख इथे कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले, आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा तो हलका, अनेक अवजारांचा चाकू केला ज्याची नक्कल आज जगभर विकली जाते. दुसरा फ्रान्सच्या साव्होआ भागातला ओपिनेल, 1890 चा. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, आणि 1955 पासून पात्याच्या मुळाशी फिरवून बंद करायचं पोलादी कडं. यात बिघडण्यासारखं काही नाही, पण क्रमांकानुसार पातं वाढत जातं. क्रमांक 6 चं पातं सात सेंटिमीटरच्या आसपास येतं, क्रमांक 8 चं साडेआठ. तिसरा जपानचा हिगोनोकामी. मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेला हा चाकू म्हणजे दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पातं आणि ते उघडायला मागे एक शेपटी. कमान नाही, कडं नाही, फक्त बिजागरीचं घर्षण आणि तुमचा अंगठा.

हिगोनोकामीची गोष्ट आपल्या कामाची आहे. जपानी शाळकरी मुलं त्याच्यावर पेन्सिली तासत. 1960 मध्ये तिथल्या समाजवादी पक्षाचे नेते असानुमा यांचा भर सभेत खून झाला. हत्यार छोटी तलवार होती, तरी त्यानंतर मुलांच्या हातात चाकू देऊ नका अशी मोहीम देशभर चालली आणि हिगोनोकामी दप्तरातून नाहीसा झाला. मिकीत हे नाव चालवणारा आता एकच कारखाना उरला आहे. एका भलत्याच हत्याराने केलेल्या गुन्ह्याची किंमत पेन्सिल तासणाऱ्या चाकूने दिली. आपल्याकडे ही वेळ येऊ द्यायची नसेल तर चाकू बाळगणाऱ्यांनीच नियम पाळणं भाग आहे.

रामपुरीबद्दल विचारणा हमखास होते. रामपूरच्या कारागिरांचं काम उत्तम होतं यात शंका नाही. नवाबी काळापासूनचा तो धंदा आहे, आणि 2023 मध्ये त्या गावाने चौकात वीस फुटी चाकू उभारून त्याचा मान राखला. पण खरी रामपुरी नऊ ते बारा इंच पात्याची. उत्तर प्रदेशातच नव्वदच्या दशकात साडेचार इंचांवरच्या पात्यावर बंदी आली. मध्य प्रदेशात ती खिशात घालून फिरणं म्हणजे संकट ओढवून घेणं. संग्रहाची हौस असेल तर आधी वकिलाला विचारा. रोजच्या खिशासाठी रामपुरी नको, हे माझं ठाम मत आहे.

दुकानात चाकू हातात घेतला की तीन गोष्टी पाहाव्यात. पातं अर्धवट उघडून बाजूला हलवा, खडखड नको. मिटलेलं पातं वरून पाहा, ते मुठीच्या मध्यावर असावं, एका बाजूच्या पत्र्याला घासता कामा नये. उघडताना नख दुखेल इतकी कमान कडक नको आणि मिटताना पातं स्वतःहून पडेल इतकी सैल नको. पोलादाबद्दल दुकानदार पुष्कळ सांगतील. तुम्ही एवढंच ठरवा की गंजणारं हवं की न गंजणारं. साधं कार्बन पोलाद लवकर गंज धरतं, सहज धार घेतं, आणि लिंबू किंवा कैरी कापून तसंच ठेवलं तर संध्याकाळपर्यंत डाग पडतो. स्टेनलेसला निगा कमी लागते. पहिला चाकू स्टेनलेसचा घ्यावा आणि धार लावणं जमलं की कार्बनकडे वळावं.

रस्त्याकडेला पाल ठोकून भट्टी लावणारे गाडिया लोहार ग्वाल्हेरला नवे नाहीत. गाड्यांच्या जुन्या कमानपट्ट्या तापवून ते सुरे, विळे, कुऱ्हाडी घडवतात. खिशात ठेवायचा घडीचा चाकू हा त्यांचा माल नव्हे. पण त्यांच्याकडून स्वयंपाकघरासाठी एक लहान सुरी घ्या आणि धार लावण्याचा सराव तिच्यावर करा. सराव चांगला होतो आणि पैसे कारागिराच्या हातात जातात.

आता धारेकडे वळू, कारण हौशी माणसांची सगळ्यांत जास्त फजिती इथे होते. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे घरची विळी द्या, पण खिशातला चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर बारीक पातं क्षणात तापतं. कडेला निळसर रंग दिसला की तिथल्या पोलादाचं पाणी उतरलं, आणि ती धार पुन्हा टिकणार नाही. लोहिया बाजारात हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा धारेचा दगड मिळतो, एक बाजू जाड आणि एक बारीक. पैसे जरा जास्त घालायची तयारी असेल तर 1000 आणि 3000 क्रमांकाचे पाण्याचे दगड घ्या. 400 चा दगड फक्त पातं दाते पडून खराब झालं असेल तेव्हा लागतो.

दगड ओला करून, खाली ओलं फडकं घालून पक्का बसवा. पात्याची पाठ किती उचलायची हा खरा प्रश्न. पातं दोन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण सहा मिलिमीटर वर हवी, म्हणजे साध्या पेन्सिलीच्या जाडीहून किंचित कमी. पातं अरुंद असेल तर त्याच प्रमाणात कमी. पहिल्या वेळी दगडावर पेन्सिल आडवी ठेवून पाठ तिच्यावर टेकवून पाहा आणि तो कोन हाताला कळला की पेन्सिल काढून घ्या. मग धार पुढे ठेवून, दगडावरून पातळ काप काढत असल्यासारखं पातं मुळापासून टोकापर्यंत न्या. दाब थोडाच. काळ्या शाईचं पेन धारेवर ओढून दोन फेऱ्या मारल्या तर शाई कुठून गेली त्यावरून कोन चुकतो की नाही ते लगेच दिसतं.

एकाच बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला पोलादाचा अगदी बारीक ओठ उलटतो. पाठीकडून धारेकडे बोट सरकवलं की तो खरखरीत लागतो. (धारेच्या लांबीने बोट कधी फिरवू नका.) हा ओठ मुळापासून टोकापर्यंत सगळीकडे लागला की मगच बाजू बदलायची. पुष्कळ जण एवढं थांबत नाहीत आणि मग दगडाला दोष देतात. दोन्ही बाजू झाल्या की बारीक दगडावर हलक्या हाताने, एकदा ही बाजू एकदा ती, असं करत ओठ काढून टाका. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठ पुढे ठेवून काही वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून पाहा. कागद फाटत असेल तर ओठ शिल्लक आहे. रोज वापरणाऱ्याने आठवड्याला नुसता पट्टा ओढला तर दगडाची गरज क्वचित पडते.

निगा ऋतूप्रमाणे बदलते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, लू चालते तेव्हा, लाकडी मूठ आकसून बिजागरी सैल वाटते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि ओपिनेलसारखा चाकू उघडता उघडत नाही. कोरड्या जागी दोन दिवस ठेवला की तो ताळ्यावर येतो, तेव्हा मूठ तासून काढण्याची घाई करू नका. कार्बन पोलाद पावसाळ्यात रोज पुसायचं. तेल कुठलं, यावर मतभेद आहेत. खोबरेल किंवा तिळाचं तेल काही महिन्यांत चिकट होऊन बिजागरी धरतं, म्हणून ते नको. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते पात्याला लावलं तर त्याच चाकूने पेरू कापून खायला हरकत नाही. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नये. चामडं ओल धरतं.

वापराबाबत फार सांगायला नको. पेरू, काकडी, गजकाच्या खोक्याची दोरी, पूजेसाठी केळीचं पान, पार्सलची पट्टी, शिलाईचा सुटलेला दोरा, ही त्याची कामं. डब्याचं झाकण उचकटणं, स्क्रू फिरवणं, सुपारी फोडणं ही त्याची कामं नव्हेत. सुपारीला अडकित्ता आहे. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. साध्या कमानीच्या चाकूला कुलूप नसतं. टोक कशात खुपसून दाब दिला तर पातं आपल्याच बोटांवर मिटतं. कापायचं ते ओढून कापायचं, भोसकून नाही.

चाकूची आवड असलेली दोन माणसं भेटली की “आज खिशात कुठला?” हा प्रश्न निघतोच. दाखवण्याचीही रीत असते. रस्त्यात, बसमध्ये, चहाच्या टपरीवर चाकू उघडून दाखवू नये. आजूबाजूच्या माणसाला तुमचा छंद ठाऊक नसतो आणि त्याला भीती वाटली तर चूक त्याची नाही. घरी बसून दाखवा. मिटलेला चाकू टेबलावर ठेवा, समोरच्याने तो उचलावा. आपल्याकडे मिरच्या हातावर देत नाहीत, खाली ठेवतात, तसंच. दुसऱ्याचा चाकू खटाखट उघडू-मिटू नये, धारेला बोट लावू नये, आणि परत देताना पातं पुसून द्यावं, कारण बोटांच्या घामाने कार्बन पोलादावर ठसे उमटतात. किंमत विचारण्याआधी तो कोणाचा होता, कशासाठी वापरतात हे विचारा. चाकू खिशात किती दिवस राहिला आहे ते मुठीच्या झिजेवरून दिसतं, आणि अशा बैठकीत ती झीज कुठल्याही नव्या महागड्या चाकूहून मोठी मानली जावी.

अशा बैठकीसाठी खंडेनवमी आणि दसरा यांच्याइतके योग्य दिवस नाहीत. दसऱ्याला शिंदे घराण्याकडून मांढरे की माता देवळाजवळ शमीपूजन होतं, आणि मराठी घरांत शस्त्रांबरोबर रोजची अवजारंही पुजली जातात. त्या दिवशी घरातले सगळे चाकू, अडकित्ते, कात्र्या बाहेर काढा, साफ करा, तेल लावा. हळदीकुंकू मात्र पूजा झाल्यावर लगेच पुसा. ओलं कुंकू कार्बन पोलादावर रात्रभर राहिलं तर डाग जात नाही. प्रत्येक जुन्या चाकूबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कोणाचा, कुठून आला, काय कामाला होता. घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारा. पेटीतल्या चाकूची माहिती बहुतेक घरांत एकाच माणसाला असते.

मुलांना कधी द्यावा, याचं उत्तर वयात नाही. मूल शेजारी बसवून पेन्सिल तासायला द्या. पातं स्वतःपासून दूर, अंगठा पेन्सिलीमागे, हाताच्या टप्प्यात दुसरं कोणी नाही, काम झालं की मिटवून खाली. हे न सांगता घडायला लागलं की तेवढ्या वेळेपुरता चाकू त्याच्या हाती द्यावा. शाळेत मात्र नेऊ देऊ नका, कितीही छोटा असला तरी.

शेवटची सूचना प्रवासाची. गोवा एक्सप्रेस किंवा झेलमने पुण्याला जाणाऱ्याने चाकू मिटवून, पिशवीत तळाशी, फळांच्या डब्याबरोबर ठेवावा, खिशात नको. मेट्रो, न्यायालय, मोठी देवळं, सरकारी कचेऱ्या इथे जायचं असेल तर घरीच ठेवावा. विमानाने जाताना तो चेक-इन सामानातच गेला पाहिजे. हातसामानात सापडलेला चाकू सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि तो परत मिळेल या आशेवर राहू नये. आजोबांचा चाकू म्हणून प्रवासात नेऊच नका. त्यासाठी सहज बदलता येईल असा दुसरा एक साधा चाकू ठेवा.